मामांचं जाकीट शिवायचं की कंडम करायचं?

पत्र:

काका, नमस्कार. मी 27 वर्षांचा. घर साताऱ्याजवळच्या एका गावात, नोकरी पुण्यात. शुक्रवारी रात्री गाडीवर घरी जातो, सोमवारी पहाटे परत येतो. दोन वर्षांपूर्वी 350 सीसीची गाडी घेतली, तेव्हा मामांनी त्यांचं चामड्याचं जाकीट मला दिलं. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. 1998 मध्ये कानपूरला असताना त्यांनी ते घेतलं होतं आणि वर्षातून दोनदा स्वतः तेल लावून ठेवायचे. गेल्या महिन्यात घाटात सांडलेल्या डिझेलवरून गाडी घसरली. वेग तीस-पस्तीसच असेल. जाकीट अंगात असूनही उजवं कोपर सोललं, तळहातात खडी गेली आणि गुडघ्याला सात टाके पडले. बाहीची शिवण उसवली आहे, फोटो सोबत पाठवतोय. मामा म्हणतात, "चामड्याला काही झालेलं नाही, मोच्याकडून शिवून घे, अजून वीस वर्षं जाईल." बायको म्हणते, नवीन घे. माझ्याकडे पंधरा हजार आहेत. तेवढ्यात चामड्याचं चांगलं जाकीट येतं का? खरं चामडं ओळखायचं कसं? आणि मामांना काय सांगू?

ता. क. मामा जाकिटात डांबरगोळ्या ठेवायचे. चालतं का?

– एक भाचा

उत्तर:

प्रिय भाचेबुवा,

तीन फोटो पाठवलेस ते बरं केलंस, नाहीतर मीही मामांच्या बाजूने कौल दिला असता. पंचवीस-तीस वर्षांचं चामडं इतकं मऊ आणि बिनभेगेचं मी फार कमी पाहिलंय. मामांनी ते राखलंय, यात शंका नाही. कोपराजवळ रंग उडालाय आणि बोटभर भाग खरवडलाय, बस. चामडं कुठेही आरपार गेलेलं नाही. मामा म्हणतात ते अक्षरशः खरं आहे.

मग कोपर सोललं कसं? उत्तर दुसऱ्या फोटोत आहे, मनगटाच्या. तिथे लोकरीची विणलेली पट्टी आहे, स्वेटरला असते तशी. ना चेन, ना बटण, ना वेलक्रो. तू उजव्या कुशीवर पडलास, घसरत पुढे गेलास, रस्त्याने बाही धरली आणि ती सरसर वर सरकली. म्हणजे कोपरावर जिथे चामडं हवं होतं, तिथे ते ऐन वेळी नव्हतंच. उरलेलं काम शिवणीने बिघडवलं. तिसरा फोटो मोठा करून बघ. उसवलेल्या टोकांना दोऱ्याचे पांढरट, पिंजलेले झुपके दिसतात. असा पिंजतो तो सुती दोरा. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा तुटला तर टोक टोकदार राहतं, नाहीतर वितळून त्याचा मणी होतो. सुती दोरा घामाने आणि आपल्याकडच्या दमटपणाने आतल्या आत कुजत राहतो, बाहेरून काही कळत नाही. त्यात ही शिवण एकेरी, आणि नेमकी कोपराच्या हाडावरून गेलेली.

डांबरी रस्ता म्हणजे लांबलचक कानस. माणूस घसरतो तेव्हा सगळं अंग सारखं घासलं जात नाही. तळहात, कोपर, खांदा, कुल्ला, गुडघा आणि घोटा, एवढ्याच ठिकाणी भार येतो. तिथे जर वरून दिसणारी शिवण असेल तर रस्ता आधी चामड्याला हात लावत नाही, दोरा कापतो, कारण दोरा चामड्याच्या वर उभा असतो. दोरा गेला की चामड्याचे दोन तुकडे दाराच्या झडपांसारखे उघडतात. म्हणून गाडीसाठी मुद्दाम बनवलेल्या जाकिटात कोपरावर आणि खांद्यावर एकसंध तुकडा असतो, शिवण आतल्या अंगाला घेतलेली असते, आणि तिथे किमान दोन ओळी असतात, त्यातली एक घडीच्या आत लपलेली. वरची घासून गेली तरी आतली धरून ठेवते.

मामांचं जाकीट वाईट नाही. ते गाडीचं नाही, एवढंच. 1998 मध्ये तुला-मला कोणी हा फरक सांगितला नसता. काळं चामडं, जड, कॉलर ताठ, म्हणजे मोटरसायकलचं, असाच समज होता. माझाही होता.

आता घरी एक प्रयोग कर. खिशातलं एटीएम कार्ड काढ. त्याची जाडी 0.76 मिलिमीटर असते, जगात कुठेही तेवढीच. जाकिटाची जिथे एकच पदर असलेली कड असेल, खिशाच्या तोंडाशी किंवा चेनमागच्या पट्टीला, तिथे कार्ड शेजारी धरून चिमटीने अंदाज घे. मामांचं चामडं बहुधा कार्डाएवढंच भरेल. फॅशनच्या जाकिटांची जाडी साधारण तेवढीच असते आणि चामडंही बऱ्याचदा मेंढीचं, हाताला लोण्यासारखं. गाडीच्या जाकिटाला 1.2 ते 1.4 मिलिमीटर जाडी लागते, म्हणजे दीड ते पावणेदोन कार्डं. ते शक्यतो गायीचं किंवा म्हशीचं असतं. बकरीचं चामडं पातळ असूनही चिवट असतं, हातमोज्यांना फार छान. शर्यतीच्या सूटमध्ये कांगारूचंही वापरतात, पण तो आपला प्रांत नाही.

खरं चामडं ओळखायला तू विचारलंयस. काडी पेटवून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. दुकानदार तुलाच बाहेर काढेल. न शिवलेली एखादी कड शोध आणि तिच्या पोटाकडे बघ. चामड्याची मागची बाजू केसाळ, तंतूंची असते. रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. अंगठ्याने दाबलंस तर खऱ्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात. नकलीवर खड्डा पडतो आणि नक्षी तशीच सारखी राहते. आणि वापरलेलं जाकीट पापुद्रे सुटून सोलवटत असेल तर तिथे वाद संपला. चामडं तडकतं, झिजतं, पण पुरीसारखं पदर सोडत नाही. एक मधला प्रकारही असतो. चामड्याचा खालचा, कमजोर थर घेऊन त्यावर प्लॅस्टिकचा मुलामा देतात. लेबलवर 'खरं चामडं' असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं! अशा ठिकाणी कड बघितल्याशिवाय काही कळत नाही.

मोच्याकडे न्यावं का? अस्तर फाटलं, चेन गेली, बटण तुटलं, खिसा उसवला, तर खुशाल न्यावं. आपले जुने मोची ही कामं सुंदर करतात. काखेजवळची किंवा पाठीच्या खालच्या भागातली शिवण सुटली तरी चालेल, फक्त दोन अटी घालायच्या: दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, आणि टोचा जुन्याच भोकांतून. नवी भोकं जुन्या भोकांच्या शेजारी पडली की तिथे पोस्टाच्या तिकिटासारखी फाडरेघ तयार होते, आणि तुला कळतही नाही. पण कोपर, खांदा, कुल्ला, गुडघा, इथली शिवण एकदा अपघातात उघडली की ती गाडीसाठी शिवून घ्यायची नाही.

"अजून वीस वर्षं" या वाक्याबद्दलही बोलू. हेल्मेट पाच वर्षांनी बदला म्हणतात, तो हिशेब लोक चामड्यालाही लावतात. चामड्याला अशी तारीख नसते. नीट बनवलेलं, नीट राखलेलं गाडीचं जाकीट पंधरा-वीस वर्षं सहज जातं. बदलायचं कारण वय नसतं. घडीवरच्या भेगा तंतूपर्यंत उतरल्या, शिवण ताणली की टाके दातांसारखे दिसू लागले, आपलं पोट सुटल्यामुळे चेन बसेना (माझ्या पहिल्या जाकिटाची निवृत्ती अशीच झाली), किंवा ते पहिल्यापासूनच आपल्या कामाचं नव्हतं असं लक्षात आलं, तर बदलायचं. आणि चामड्याआधी आतलं पॅडिंग म्हातारं होतं. काही फोम आठ-दहा वर्षांत भुसभुशीत होतात, खिशात हात घातला की बेसनासारखा भुगा येतो. तेवढंच बदलता येतं, सबंध जाकीट टाकायची गरज नसते. मात्र जोराचा मार खाल्लेलं पॅडिंग वरून धड दिसलं तरी बदलायचं.

मामांच्या जाकिटात पॅडिंग नव्हतंच.

आता पैशांचं, आणि इथे माझं मत तुझ्या प्रश्नापेक्षा वेगळं आहे. तू मला जाकिटाबद्दल पत्र लिहिलंस, पण टाके गुडघ्याला पडले आणि खडी तळहातात गेली. पँट कोणती होती? जीन्स असणार. हातमोजे? त्यांचा पत्रात उल्लेखच नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात अपघात झालेल्या 212 मोटरसायकलस्वारांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीसाठीचं जाकीट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येण्याची शक्यता साधारण पाचव्या हिश्शाने कमी होती. गाडीची खास पँट घातलेल्यांत ती जवळपास निम्मी होती आणि हातमोजे घातलेल्यांत निम्म्याहूनही कमी. आपण मात्र सगळे पैसे जाकिटावर उधळतो, कारण फोटोत जाकीट दिसतं. त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या जाकिटांपैकी जवळपास तीस टक्के फाटली किंवा उसवली होती, आणि ती सगळी गाडीसाठीच म्हणून विकलेली. मामांच्या जाकिटाचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

हाताचं मी अनुभवाने सांगतो. ताम्हिणीत एका पावसाळ्यात शेवाळ्यावरून घसरलो. वेग सांगायचीही लाज वाटते. अंगात उत्तम जाकीट, आणि हातमोजे डिकीत, भिजू नयेत म्हणून! पडताना माणूस हात पुढे करतो, त्याला शिकवावं लागत नाही. उजव्या तळहाताची अंगठ्याखालची उशी गेली. महिनाभर डाव्या हाताने चमच्याने वरण-भात खाल्ला, शर्टाची बटणं बायकोने लावली, आणि दरवेळी न चुकता विचारलं, "मोजे कोरडे आहेत ना?" हातमोजे घेताना तळव्यावर, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या खालच्या बाजूला, घसरता येईल अशी कडक चकती आहे का बघ. आणि मनगटावर पट्टा हवाच. पट्टा आवळून कोणाला तरी मोजा ओढायला सांग. निघाला तर तो पडतानाही निघेल.

चामडं की जाळीचं कापड? मी स्वतः चामडंवेडा आहे आणि तरी तुला चामडं घेऊ नकोस असं सांगतोय. घसरण्यापुरतं बोलायचं तर चांगल्या चामड्याला तोड नाही. पण तुझा रस्ता बघ. एप्रिल-मेमध्ये शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून बाहेर पडताना सिग्नलला उभा राहिलास की त्यात उकडलेल्या शेंगेसारखी गत होते. जून ते सप्टेंबर पाऊस. भिजलेलं चामडं जड होतं, दोन दिवस वाळत नाही, आणि सोमवारी पहाटे तुला परत निघायचंय. भोकं पाडलेलं चामडं मिळतं, ते उन्हाळ्यात जरा सुसह्य, पावसात मात्र तसंच. आणि पंधरा हजारांत जाकीट, पँट, मोजे असं सगळं बसवायचं तर चामड्याचं धड जाकीट त्यात येतच नाही. जे येईल ते पुन्हा मामांच्याच जाकिटाचं भावंड असेल. धारावीत लिंक रोडवर मापाने जाकीट शिवून देतात, कारागीर अव्वल आहेत, जाडी आणि दोरा सांगितला तर तसं करूनही देतात. ती हौस पुढे कधीतरी कर, हिवाळ्यासाठी. आत्ता बारा महिने अंगावर राहील असं जाड कापडाचं, छातीला-दंडाला जाळी आणि कोपर-खांद्याला भरीव कापड असलेलं जाकीट घे. वर पावसाळी डगला वेगळा.

दुकानात लेबल वाचताना एक फसगत ठरलेली आहे. 'सीई' (युरोपीय मानदंडाची खूण) ही अक्षरं दिसली की आपण खूश होतो. पण पुष्कळदा ती फक्त आतल्या पॅडिंगची असतात, जाकिटाची नव्हे. पॅडिंगचा युरोपीय मानदंड ईएन 1621, आणि त्यात लेव्हल 1 व लेव्हल 2. कोपर-गुडघ्याच्या पॅडवर 50 ज्यूलचा ठोसा मारतात. लेव्हल 1 मधून सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत मार आत गेलेला चालतो, लेव्हल 2 मध्ये 20 पर्यंतच. शक्यतो लेव्हल 2 घे. जाकीट स्वतः घासायला किती टिकतं यासाठी 2020 पासून वेगळा मानदंड आहे, ईएन 17092. त्यात एएए, एए आणि ए असे उतरते वर्ग आहेत. बी म्हणजे पॅडिंगशिवायचं, आणि सी म्हणजे नुसतं पॅडिंग धरून ठेवणारी जाळी, जिला घासण्यापासून संरक्षण अपेक्षितच नाही. आतल्या शिवलेल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि हे अक्षर शोध. महामार्गावरच्या तुझ्या वापराला एए असावं असं मला वाटतं. तुझ्या बजेटात बहुतेक ए हाती लागेल, तेही चालेल. अक्षरच नसेल तर दुकानदार कितीही शपथा घेऊ दे, ठेवून दे. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे, जाकिटांना तशी सक्ती नाही, त्यामुळे बघायचं काम आपलंच. पाठीच्या कप्प्यातही हात घाल. तिथे बऱ्याचदा भांडी घासायच्या स्पंजसारखा तुकडा असतो, जागा भरायला. पाठीचा लेव्हल 2 पॅड वेगळा घ्यावा लागतो.

आणि आरशासमोर उभा राहून जाकीट पसंत करू नकोस. गाडी दुकानाबाहेर उभीच असेल. जाकीट घालून तिच्यावर बस, हात हँडलवर ठेव. बाही मनगटाच्या हाडाच्या वर गेली नाही पाहिजे. कोपराचा पॅड हाडाच्या टोकावर बसलाय का? दुसऱ्या हाताने तो धरून फिरवून बघ, फिरला तर पडताना नक्की फिरेल. मग बायकोला सांग, बाही मनगटाकडून कोपराकडे जोरात ढकल. हीच परीक्षा मामांच्या जाकिटाने दिली असती तर तुझं कोपर वाचलं असतं. जाकीट अंगाला थोडं आवळच असू दे, वाऱ्यात फडफडलं तर पॅड जागेवर राहत नाही.

वाटणी माझ्या मते अशी: जाकीट सात-साडेसात, पँट पाच, उरलेल्यात हातमोजे. पाठीचा पॅड पुढच्या महिन्यात. घोटा झाकणारे बूट घरात असतील तर तूर्त तेच घाल.

राहता राहिले मामा. त्यांना "जुनं झालं" म्हणू नकोस. ते त्यांना लागेल, आणि खरंही नाही. जाकीट घेऊन जा, बाही उलटी करून त्यांच्या हातात दे, दोऱ्याचा तो पिंजलेला झुपका दाखव आणि विचार, "मामा, युनिटमध्ये असा दोरा असलेलं किट पास केलं असतं का?" ज्या माणसाने उभा जन्म किट इन्स्पेक्शन केलंय तो स्वतःच्या जाकिटालाही सोडणार नाही. कंडम हा शब्द तू उच्चारू नकोस. बघितल्यावर तेच म्हणतील. मोच्याकडून शिवून घे म्हणालेत ना, घे शिवून, चांगल्या दोऱ्याने. फक्त ते गाडीवर घालायचं नाही, मामांना परत द्यायचं. साताऱ्याच्या डिसेंबरात पहाटे फिरायला जायला त्याच्यासारखं दुसरं नाही. आणि नवीन घ्यायला जाशील तेव्हा त्यांना सोबत ने. बाही ओढायचं काम बायकोऐवजी त्यांच्याकडे दिलंस तर दुकानदाराची मला आत्ताच दया येते.

तेलाचं मात्र विचार, कोणतं लावतात. खोबरेल असेल तर थांबव. थंडीत ते थिजतं, नंतर खवट होतं, धूळ धरतं, आणि जास्त झालं तर चामडं सैल पडतं. चामड्याचं कंडिशनर मिळतं, ते फडक्यावर बोटभर घेऊन वर्षातून दोनदा लावलं की झालं. मी खंडेनवमीला लावतो. गाडीला झेंडूची माळ घालायची असतेच, पाऊसही ओसरलेला असतो. दुसरा हात फेब्रुवारीत, उन्हं तापायच्या आधी.

ता. क. ला ता. क.: डांबरगोळ्या कसरीसाठी असतात. कसर लोकर खाते, त्यामुळे मनगटाच्या पट्टीपुरतं मामांचं बरोबर होतं. चामड्याला आपल्याकडे त्रास बुरशीचा, आणि तिला या गोळ्यांनी काही होत नाही, उलट वास चामड्यात वर्षभर मुरतो. रुंद खांद्याच्या हँगरवर, प्लॅस्टिकची पिशवी न घालता, भिंतीपासून चार बोटं दूर टांगायचं. औषधाच्या आणि बुटांच्या खोक्यात सिलिकाच्या पुड्या येतात, त्या साठवून खिशात ठेव. पांढरी बुरशी आलीच तर अंगणात नेऊन कोरड्या फडक्याने झटक, मग व्हिनेगर-पाण्याचं ओलसर फडकं फिरव आणि पंख्याखाली वाळव. उन्हात नाही, आणि फ्रिजमागच्या गरम हवेवर तर नाहीच. माझ्या एका जाकिटाची पाठ तिथेच पापडासारखी झाली होती.

– काका